‘प्रोक्लेम’चा गोतावळा

इंग्रजीच्या कोणत्याही पर्यायकोशात ‘प्रोक्लेम’ हा शब्द काढून पाहावा. त्याच्यापुढे अनाउन्स, डिक्लेअर, हेरल्ड, ट्रम्पेट, ब्लेझन, ब्रॉडकास्ट, क्राय अशी रांग लागलेली असते आणि मधे नुसते स्वल्पविराम. त्यांतला थोरला कोण, धाकटा कोण, घरचा कोण आणि सोयरा कोण, याचा पत्ता कोश लागू देत नाही. मग इंग्रजी मेहनतीने शिकलेला आपला माणूस त्यातला जरा भारदस्त वाटेल तो शब्द उचलतो आणि सोसायटीच्या नोटिशीत लिहितो की, पाण्याची टाकी कधी धुणार ती तारीख कमिटी ‘प्रोक्लेम’ करत आहे. व्याकरणात खोट नाही. पण वाचणाऱ्या इंग्रजाच्या डोळ्यांसमोर सेक्रेटरी जरीचा झगा घालून सज्जात उभे राहतात आणि मागे शिंगवाले शिंगं सरसावतात.

कोशाला दोष देण्यात अर्थ नाही. पीटर मार्क रोझे हा पेशाने डॉक्टर. १८५२ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्याने आपला थिसॉरस छापला तेव्हा शब्द वर्णानुक्रमे न लावता अर्थाच्या कप्प्यांत घातले. आपल्याकडे ही रीत जुनीच. अमरकोश असाच वर्गवार आहे. त्यात मोठ्याने पुकारलेल्याला ‘घोषणा’ म्हटलं आहे आणि लगेच शेजारी, तीच गोष्ट दोनदा-तीनदा उच्चारली तर तिला ‘आम्रेडित’ असं वेगळं नाव दिलं आहे. रोझेचा वाचक मात्र इंग्रजी घरात बोलणारा होता. ओठांवर येऊन अडलेला शब्द त्याला आठवून द्यायचा, एवढंच त्या कोशाचं काम. ज्याला शब्दाची मुळात ओळखच नाही त्याच्या हाती तो दिला की घोटाळा सुरू होतो. पुढची पानं लिहिली आहेत ती या दुसऱ्या वाचकासाठी.

या गोतावळ्याची लावणी आवाजाच्या पट्टीवर होत नाही, हे पहिल्यांदा ध्यानात घ्यावं. ‘प्रोक्लेम’ म्हणजे खूप मोठ्याने आणि ‘अनाउन्स’ म्हणजे जरा हळू, असा हिशेब नाही. बोलणारं तोंड कोणाचं, त्या तोंडामागे हुकूम कोणाचा, आणि ऐकणाऱ्याला ‘मला नाही ऐकायचं’ म्हणण्याची मुभा आहे का, यावर शब्द ठरतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात माइकवरून हळू आवाजात सांगितलं तरी ते ‘अनाउन्स’च, आणि घसा फोडून सांगितलं तरीही ‘अनाउन्स’च. लॅटिनमधल्या निरोप्यावरून आलेला हा शब्द. निरोप पोचला की त्याचं काम संपलं. ‘प्रोक्लेम’च्या पोटात मात्र लॅटिनमधली आरोळी आहे. ‘क्लेम’, ‘एक्स्क्लेम’, ‘क्लॅमर’ ही त्याची सख्खी भावंडं. हक्क सांगायचा तर आधी ओरडावं लागतं, हे त्या घराण्याच्या रक्तातच आहे. ‘प्रो’ म्हणजे पुढे, लोकांच्या समोर. तर चारचौघांपुढे येऊन, अधिकाराने, ओरडून सांगणं.

अधिकार हा शब्द इथे मोलाचा. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीने १५३९ साली पार्लमेंटकडून कायदाच करून घेतला की राजाच्या प्रोक्लमेशनला कायद्याइतकं वजन असावं. तो गेल्यावर, १५४७ मध्ये, तो कायदा रद्द झाला. पुढे पहिल्या जेम्सला पुन्हा तीच हौस आली, तेव्हा १६१० साली एडवर्ड कोक आणि त्याच्या सहकारी न्यायाधीशांनी सांगितलं की, राजाला नुसतं पुकारून नवा गुन्हा जन्माला घालता येत नाही. त्याला देशाचा कायदा देईल तेवढाच अधिकार. हा निवाडा काही संग्रहालयात पडलेला नाही. २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन सरकारने पार्लमेंट स्थगित केलं तेव्हा ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचा आधार घेतला. आणि तरीही पुकारण्याचा थाट जसाच्या तसा आहे. १० सप्टेंबर २०२२ ला तिसऱ्या चार्ल्सच्या नावाचं प्रोक्लमेशन सेंट जेम्स राजवाड्याच्या सज्जातून वाचलं गेलं, शिंगं वाजली, जयजयकार झाला, मग लंडनच्या व्यापारी पेठेत रॉयल एक्स्चेंजच्या पायऱ्यांवर ते पुन्हा वाचलं गेलं. साऱ्या जगाला बातमी दोन दिवस आधीच टीव्हीवर कळली होती. कळवणं हा ‘प्रोक्लेम’चा हेतूच नसतो. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट अधिकाराने म्हणून दाखवायची, की ती पक्की होते.

मराठीची या शब्दाशी जवळून गाठ पडली ती १ नोव्हेंबर १८५८ ला. कंपनीचं राज्य संपून राणीचं राज्य सुरू झाल्याचं प्रोक्लमेशन लॉर्ड कॅनिंगने अलाहाबादेत वाचलं आणि त्याच दिवशी ते हिंदुस्थानातल्या इतर शहरांत, देशी भाषांत उतरवून, लोकांना ऐकवण्यात आलं. आपण त्याला ‘राणीचा जाहीरनामा’ म्हटलं. धर्मात ढवळाढवळ करणार नाही, वंश-धर्म न पाहता लायकीप्रमाणे नोकऱ्या देऊ, अशी वचनं त्यात होती. दादाभाई नौरोजींपासून पुण्याच्या सार्वजनिक सभेपर्यंत सगळ्यांनी पुढे कित्येक वर्षं तोच कागद सरकारच्या तोंडावर धरला: तुम्हीच म्हणालात ना? पुकारणाऱ्याने विसरायचं ठरवलं तरी ऐकणारे विसरत नाहीत, ही या शब्दाची दुसरी धार. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत व्हाइसरॉय लिटनने दरबार भरवून व्हिक्टोरिया ‘कैसर-ए-हिंद’ झाल्याचं पुकारलं, तेव्हा दख्खन दुष्काळात होरपळत होती. त्या झगमगाटात सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी घरच्या सुताच्या जाड्याभरड्या कपड्यांत जाऊन बसले. तेही एक जाहीर सांगणंच होतं, फक्त तोंडाने नव्हतं.

‘जाहीरनामा’चं पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. राणीच्या मुखातला हा शब्द निवडणुका आल्यावर उमेदवाराच्या हाती गेला. राणी देणारी होती, उमेदवार मागणारा. इंग्रजीने या दोघांना दोन शब्द दिले, प्रोक्लमेशन आणि मॅनिफेस्टो. मराठीने एकाच शब्दात दोघांची सोय लावली. हल्ली पक्षांनाही तो शब्द पुरेनासा झाल्याने वचननामा, शपथनामा, संकल्पपत्र अशी नवी नावं निघाली आहेत. नाव बदललं तरी कागद मागणाऱ्याचाच. म्हणून मराठीतून इंग्रजीत जाताना ‘जाहीरनामा’ दिसला की आधी तारीख पाहावी.

मराठीत आपलं बहुतेक काम ‘जाहीर करणे’ यावर भागतं. निकाल जाहीर, सुट्टी जाहीर, पाठिंबा जाहीर, साखरपुडा जाहीर, दुष्काळ जाहीर. इंग्रजीत यातल्या प्रत्येकाचं घर वेगळं. साखरपुडा ‘अनाउन्स’ होतो. लाभांश ‘डिक्लेअर’ होतो. क्रिकेटचा कर्णधार डाव ‘डिक्लेअर’ करतो, ‘अनाउन्स’ केला तर ऐकणारा विचारेल, कोणता डाव? विमानतळावर कस्टमचा माणूस सामानात काही ‘डिक्लेअर’ करण्यासारखं आहे का असं विचारतो. ‘डिक्लेअर’चं मूळ ‘क्लिअर’मध्ये आहे: जे धूसर होतं ते साफ करून सांगणं आणि सांगितल्यावर त्याला बांधील राहणं. खोटं ‘अनाउन्स’ केलं तर फजिती होते, खोटं ‘डिक्लेअर’ केलं तर दंड होतो.

दुष्काळाचं उदाहरण महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. विहिरीला तळ दिसतो, जनावरं छावणीत जातात, तरी दुष्काळ ‘पडलेला’ असतो, ‘जाहीर’ झालेला नसतो. पैसेवारी पन्नासच्या खाली आली का, याचे कागद फिरतात; मधल्या काळात ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ नावाची वस्तू तयार होते. मोर्चाची मागणी असते, ‘दुष्काळ जाहीर करा’. म्हणजे आम्हाला माहिती द्या असं नव्हे, माहिती आमच्या घशात कोरडी पडलीच आहे; तुम्ही तोंड उघडा, म्हणजे वसुली थांबेल. जे. एल. ऑस्टिन या इंग्रज तत्त्वज्ञाने १९५५ मध्ये हार्वर्डला व्याख्यानं दिली, ती त्याच्या मृत्यूनंतर १९६२ मध्ये पुस्तकरूपाने आली. काही वाक्यं जगाचं वर्णन करत नाहीत, ती उच्चारली की जगात काहीतरी घडतं, हे त्याने तिथे मांडलं. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ते ऑस्टिनच्या आधीपासून ठाऊक असावं.

‘डिक्लेअर’ आणि ‘प्रोक्लेम’ यांतली रेघ अमेरिकेच्या इतिहासाइतकी स्वच्छ कुठे दिसत नाही. ४ जुलै १७७६ च्या कागदाला ‘डिक्लरेशन’ म्हणतात, कारण वसाहतींनी आपली भूमिका साफ केली होती. त्यांच्या हाती अजून राज्य नव्हतं. १ जानेवारी १८६३ ला लिंकनने गुलामांच्या मुक्ततेचा कागद काढला, त्याला ‘प्रोक्लमेशन’ म्हणतात, कारण तो सत्तेवर बसलेल्याचा हुकूम होता. पहिल्यात लोक राजाला सांगतात, दुसऱ्यात राष्ट्राध्यक्ष लोकांना. आणि पुकारलं म्हणजे पोचलं असंही नव्हे. टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनला फौज जाऊन तो हुकूम वाचला गेला १९ जून १८६५ ला, अडीच वर्षांनी. काळ्या अमेरिकनांनी सण केला तो वाचल्याच्या तारखेचा, सहीच्या तारखेचा नाही.

आपल्या संविधानाच्या ३५२ व्या अनुच्छेदात ‘प्रोक्लमेशन ऑफ इमर्जन्सी’ आहे. मराठीत ‘आणीबाणीची उद्घोषणा’. ‘उत्’ आणि ‘घोष’, दोन्ही बाजूंनी आवाज भरलेला शब्द. पण २५ जून १९७५ ला ती झाली कशी? रात्री उशिरा राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांनी कागदावर सही केली. दिल्लीतल्या छापखान्यांची वीज गेली. मंत्रिमंडळाला पहाटे बोलावून सांगण्यात आलं आणि देशाला कळलं ते सकाळी, इंदिरा गांधींचा आवाज आकाशवाणीवर आला तेव्हा. इतका कर्कश शब्द इतक्या गुपचूप क्वचितच वापरला गेला असेल. कायद्याच्या भाषेत तरीही ती उद्घोषणाच, कारण कायदा आवाज मोजत नाही, सही मोजतो.

याच ओघात एक लहानसा शब्द घेतो, ‘बॅन’. आज त्याचा अर्थ बंदी. मूळ अर्थ मात्र पुकारा, हुकूम वाचणं. चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवारी वधूवरांची नावं वाचतात, त्या ‘बॅन्स’मध्ये जुना अर्थ अजून जिवंत आहे, तिथे कशावर बंदी नसते, उलट कोणाची हरकत असेल तर बोला असं आवाहन असतं. ‘बॅनिश’ म्हणजे हद्दपार, ‘बँडिट’ म्हणजे ज्याच्या नावाने पुकारा झाला आहे असा फरारी. दवंडी या अर्थाचा शब्द फिरत फिरत बंदीवर येऊन थांबला, यावरून त्या काळच्या राजांच्या दवंड्यांत काय असायचं याचा अंदाज येतो.

आता दवंडीकडे वळू. इंग्लंडच्या गावांत ‘टाउन क्रायर’ असे. हातात घंटा, तोंडाने तीनदा ‘ओयेझ’. शब्द इंग्रजी नाही. नॉर्मन राज्यकर्त्यांच्या फ्रेंचमधला ‘ऐका’ आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात कामकाज सुरू होताना आजही तो तीनदा पुकारतात. अमरकोशातल्या ‘आम्रेडित’ला याहून चांगला दाखला मिळायचा नाही. आपल्याकडे हलगीवर टिपरू पडायचं, मग ‘ऐका हो ऐकाऽऽ’. उद्या चावडीवर ग्रामसभा हाय, समद्यांनी यावं होऽऽ. दिवाणी प्रक्रिया संहितेत, जप्तीचा हुकूम मालमत्तेच्या जागी ढोल वाजवून किंवा तिथल्या रूढ रीतीने पुकारावा, असं आजही लिहिलेलं आहे. लाउडस्पीकर आले, मोबाइल आले, तरी कायद्याच्या कानात अजून ढोलच वाजतो.

पण दवंडी पिटणारा कोण होता, हे टाळून या विषयाची प्रस्तावना पुरी होणार नाही. गावगाड्यात हे काम बहुतेक ठिकाणी महार वतनाकडे असे. सरकारी निरोप तालुक्याला नेणं, मयताचा सांगावा परगावी पोचवणं, आणि गावभर दवंडी देणं. आवाज त्याचा, शब्द पाटलाचे किंवा मामलेदाराचे. दवंडीच्या भाषेत ‘मी’ येतच नाही. ‘असं सरकारचं म्हणणं हाय’, ‘असा पाटलाचा हुकूम हाय’. गावातल्या प्रत्येक कानापर्यंत ज्याचा गळा पोचत होता त्याला स्वतःचं म्हणून एक वाक्य त्या गळ्यातून काढता येत नव्हतं. या माणसांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० ला पाक्षिक काढलं, त्याचं नाव ‘मूकनायक’. या नावाचा मला जाणवणारा नेमका डंख इथे आहे. पिढ्यान् पिढ्या ओरडत राहिलेल्यांना त्यांनी मुके म्हटलं, आणि ते अक्षरशः खरं होतं. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं. कनिष्ठ गावकामगारांची वतनं कायद्याने गेली ती १९५८ च्या अधिनियमाने. म्हणून ‘क्रायर’ला ‘दवंडीवाला’ म्हणताना जरा थांबावं. इंग्लंडचा क्रायर लाल कोट, सोनेरी किनार आणि तिकोनी टोपी घालून मिरवायचा, आता त्यांच्या स्पर्धा भरतात. आपला दवंडीवाला त्याच कामासाठी गावकुसाबाहेरून यायचा.

पुकारण्याचं एक वेगळंच शास्त्र वारीत पाहायला मिळतं. ज्ञानेश्वर माउलींची पालखी मुक्कामाच्या तळावर आली की समाजआरतीसाठी दिंड्या गोल करून उभ्या राहतात. टाळमृदंगांचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार हातातला चोप उंच करतो आणि हजारो टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार आहे, ती दिंडी तेवढी टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिकडे जाऊन गाऱ्हाणं ऐकून घेतात. त्यानंतर हरवलं-सापडलं, उद्या निघायची वेळ, आणि मग आरती. मोठ्याने सांगण्यासाठी आधी सगळ्यांना गप्प करावं लागतं, हे तर आलंच. पण तक्रारदाराला आवाज चालू ठेवण्याचा हक्क देणारी पद्धत मला दुसरीकडे कुठे आढळली नाही. इंग्रजीत या चोपदारासाठी शब्द शोधायला गेलं तर ‘हेरल्ड’, ‘अशर’, ‘क्रायर’ तिघेही अर्धेअर्धेच बसतात. अशा वेळी ‘चोपदार’ तसाच ठेवावा.

‘हेरल्ड’ हा सरदारांच्या झुंजींतला, ढाली ओळखणारा, राजाच्या आधी धावणारा अधिकारी. १४८४ साली तिसऱ्या रिचर्डने या मंडळींची लंडनमध्ये रीतसर संस्था स्थापली, ती ‘कॉलेज ऑफ आर्म्स’ अजून आहे. ढालीवरच्या चिन्हांचं वर्णन ते ठरावीक भाषेत करत, त्याला ‘ब्लेझन’ म्हणतात. ‘ब्लेझन’ करणं म्हणजे जगाला दिसेल असं झळकवणं. वर्तमानपत्रांना ‘हेरल्ड’ हे नाव फार आवडलं. गोव्यात १९०० साली ‘ओ हेराल्दो’ पोर्तुगीज दैनिक म्हणून निघालं आणि १९८३ पासून ते इंग्रजीत निघू लागलं. राज्य बदललं, भाषा बदलली, दूत मात्र तोच राहिला. क्रियापद म्हणून ‘हेरल्ड’मध्ये ओरडणं जवळपास उरलेलं नाही, पुढे येणं उरलं आहे. नव्या युगाला ‘हेरल्ड’ करणं याला मराठीत ‘घोषणा’ लावू नये. आपल्याकडे ‘नांदी’ आहे, तीही थेट रंगभूमीवरून आलेली. ऋतूंच्या बाबतीत दोन्ही भाषांनी हे काम एकाच कुळातल्या पक्ष्याला दिलं आहे: आपला पावशा ‘पेरते व्हा’ म्हणत पावसाची वर्दी देतो, इंग्लंडमध्ये कुकू वसंताची. तिथे वर्षातला पहिला कुकू कोणी ऐकला हे ‘टाइम्स’ला पत्र लिहून कळवण्याची प्रथा होती. १९१३ च्या फेब्रुवारीत रिचर्ड लिडेकर या नामवंत प्राणिशास्त्रज्ञाने तसं पत्र धाडलं आणि काही दिवसांनी दुसरं पत्र पाठवून कबूल केलं की, तो आवाज गवंड्याच्या हाताखालचा एक मजूर काढत होता.

‘ट्रम्पेट’ला मात्र जपावं. नाम म्हणून ते वाद्य; क्रियापद झालं की त्याला उपरोधाचा वास येतो. सरकारने आपलं यश ‘ट्रम्पेट’ केलं, असं इंग्रजी अग्रलेखात वाचलं तर अग्रलेख लिहिणारा खूश नाही असं समजावं. अनुवादक हमखास ‘तुतारी फुंकली’ लिहितात आणि अर्थ उलटा होतो. केशवसुतांच्या कवितेनंतर मराठीत तुतारी म्हणजे जुनं जाळायला निघालेल्यांची हाक. लग्नामुंजीत, मिरवणुकीत ती मानाची. उपरोधासाठी आपल्याकडे टिमकी आहे, ती आपली आपणच वाजवायची असते. ‘स्वतःची टिमकी वाजवली’ हेच तिथे बरोबर. हा केवळ शब्दच्छल नाही, हे २०२४ च्या लोकसभा निवडणुकीने दाखवलं. एका पक्षाचं चिन्ह होतं ‘तुतारी वाजवणारा माणूस’. आणि अपक्षांसाठी मोकळ्या ठेवलेल्या चिन्हांत पाश्चात्त्य ट्रम्पेट होता, त्याचंही मराठी नाव ‘तुतारी’ असं छापलं गेलं. एक वाद्य वळणदार, दुसरं सरळ पितळी. ‘तुतारी’ एवढं नाव ध्यानात ठेवून बटण दाबणाऱ्याने काय करावं? मतं फुटल्याची तक्रार पक्षाने निवडणूक आयोगाकडे नेली. पर्यायकोशातल्या एका स्वल्पविरामाची एवढी किंमत क्वचितच कोणी मोजली असेल.

‘ब्लेअर’बद्दल थोडक्यात सांगता येईल: त्यात माणूस नसतोच. रेडिओ ब्लेअर होतो, कर्णा ब्लेअर होतो, मोटारीचा भोंगा ब्लेअर होतो. कोकलणं, ठणाणा करणं. ‘ब्रॉडकास्ट’ मात्र सभ्य घरचा, शेतकऱ्याचा. मूठभर बी हाताने फेकून रानभर पेरणं हा त्याचा जुना अर्थ. रेडिओवाल्यांनी तो १९२० च्या सुमारास उचलला. बी कुठे पडेल ते पेरणाऱ्याच्या हाती नसतं, हे त्या धंद्याला चांगलं लागू पडतं. रेडिओवरच्या ‘अनाउन्सर’ला मराठीने ‘निवेदक’ म्हटलं, ही गोष्ट मला आपल्या भाषेच्या स्वभावाला धरून वाटते. निवेदन नम्रपणे, वरच्यांपुढे करायचं असतं. घरोघरी ऐकणारा श्रोता वरचा आणि माइकसमोरचा माणूस खालचा. रेल्वेने ‘उद्घोषणा’ घेतली आणि गाड्यांच्या बाबतीत तेच योग्य, कारण गाडी उशिरा येण्याबाबत प्रवाशाचं मत कोणी विचारत नाही.

आवाज न करताही ‘प्रोक्लेम’ करता येतं, आणि रोजच्या इंग्रजीत हा वापर पुष्कळ. एखाद्याचे उच्चार तो स्कॉटलंडचा असल्याचं ‘प्रोक्लेम’ करतात, दारावरची पाटी मालकाची श्रीमंती ‘प्रोक्लेम’ करते. इथे ‘घोषित करतात’ म्हटलं की वाक्य हसू आणतं. बोलण्यावरून गाव कळतं, पाटीच सांगते, असं साधं म्हणावं. उलट ‘सेल्फ-प्रोक्लेम्ड’ला ‘स्वयंघोषित’ अगदी चपखल. दोन्ही भाषांत त्यातली खोच सारखी आहे, कारण पुकारायला दुसरं कोणी तयार झालं नाही हे दोघींनाही सुचवायचं असतं. छापील शांततेतल्या आरडाओरड्याचा आणखी एक नमुना म्हणजे आपल्या दैनिकांतली बारीक टायपातली ‘जाहीर नोटीस’: तमाम लोकांस कळविण्यात येते की. तमाम लोक ती वाचत नाहीत, वाचतात ते वकील आणि भाऊबंद. पण कायद्याने गावभर हलगी फिरलेली असते.

काही शब्द या पुस्तकात मुद्दाम घेतले नाहीत. शाउट, येल, स्क्रीम हे नुसते ओरडतात, सांगत काही नाहीत. ‘अ‍ॅडव्हर्टाइज’ घेतला असता तर बाकीच्यांना जागा उरली नसती. ‘हू अँड क्राय’ ठेवला आहे, कारण १२८५ च्या विंचेस्टर कायद्याने इंग्लंडमध्ये चोर दिसला की ओरडणं आणि ओरड ऐकली की धावणं हे रहिवाशांचं कर्तव्यच ठरवलं होतं, आणि मराठीत त्याला ‘हाकाटी’ हा नेमका जोडीदार आहे. ‘ब्रूट’ हे क्रियापद आता इंग्रजही फारसं वापरत नाहीत. तरी तेही आत आहे. गावात एखादी गोष्ट कोणी पुकारत नाही, कोणाचा हुकूम नसतो, कोणी हलगी वाजवत नाही, आणि तरी संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलेली असते. त्या बोभाट्याला इंग्रजीत दुसरा इतका जवळचा शब्द मला सापडला नाही.